अर्धा चमचा रक्त, पंचाहत्तर किलोमीटर

जांभळ्या झाकणाचा तो ईडीटीए बल्ब पाहिलाय ना? करंगळीएवढा. त्यात दोन मिलिलिटर रक्त असतं. चहाचा अर्धा चमचासुद्धा भरणार नाही. चला, त्यातल्या तांबड्या पेशी मोजू. टाचणीच्या डोक्याएवढ्या थेंबात, म्हणजे एका मायक्रोलिटरमध्ये, साधारण ५० लाख. मिलिलिटरला ५०० कोटी. अख्ख्या बल्बात १००० कोटी! दर सेकंदाला एक पेशी, न जेवता, न झोपता मोजत बसलात तर किती वेळ लागेल? ३१७ वर्षं. साताऱ्याला १७०८ साली शाहू महाराजांना राज्याभिषेक झाला. त्या दिवशी मोजायला बसलेला माणूस आत्ता कुठे मोजणी संपवून उठला असता. आणि पॅथॉलॉजी लॅबमधलं मशीन त्या रक्ताचा किंचितसा भाग ओढून घेतं आणि मिनिटभरात आकडा हातात ठेवतं.

आता याच १००० कोटी पेशी एकीला एक चिकटवून ओळीत मांडू. एक पेशी साडेसात मायक्रॉनची. ओळ होईल ७५ किलोमीटरची. मुंबईहून पुण्याच्या रस्त्याला लागा, निम्मं अंतर कापा, खोपोलीच्या आसपास घाट चढायच्या आधी थांबा. तिथपर्यंत अर्ध्या चमच्यातल्या पेशी पोचल्या! शरीरातलं सगळं पाच लिटर रक्त घेतलं तर ही ओळ १ लाख ८७ हजार ५०० किलोमीटरची होते. मुंबई-पुणे साडेबाराशे वेळा, किंवा पृथ्वीला साडेचारहून जास्त प्रदक्षिणा. आपण प्रत्येकजण हे अंगात घेऊन फिरतो.

हे सगळं सांगायचं कारण पुढे आहे. सुई बारीक असेल, घाई असेल, सिरिंजचा दट्ट्या जोरात ओढला किंवा दाबला गेला, की यातल्या काही पेशी फुटतात. लॅबवाले म्हणतात, "सॅम्पल हिमोलाइज झालंय." पेशीच्या आत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा पंचवीसपटीहून जास्त असतं. पेशी फुटली की ते बाहेर सांडतं. समजा, हजारात फक्त पाच पेशी फुटल्या. आपल्या ७५ किलोमीटरच्या ओळीत ही लांबी होते ३७५ मीटर, म्हणजे बारा डब्यांच्या दीड लोकलएवढी. खोपोलीपर्यंतच्या रस्त्यावर दीड लोकलएवढा तुकडा तुटला! तेवढ्यानं रिपोर्टमधलं पोटॅशियम जवळजवळ अर्ध्या अंकानं चढतं. निरोगी माणसाचं पोटॅशियम साडेतीन ते पाचच्या मध्ये असतं. खरं ४.८ असेल तर कागदावर ५.३ छापून येतं आणि शेजारी ठळक खूण उमटते. माणसाच्या शरीरात काहीही बदललेलं नाही. बदललं ते बल्बात.

त्याहून भयंकर प्रकार बल्ब बदलण्याचा. प्लेन, म्हणजे पावडर नसलेल्या, बल्बात रक्त कमी पडलं म्हणून कुणी जांभळ्या बल्बातलं थोडं त्यात ओततो. जांभळ्या बल्बातल्या ईडीटीए पावडरमध्ये पोटॅशियमच असतं आणि ती पावडर कॅल्शियम गिळून टाकते. मग रिपोर्टवर पोटॅशियम दहाच्या, पंधराच्या पुढे उडी मारतं आणि कॅल्शियम तळाला जातं. असे आकडे असलेल्या माणसाचं हृदय चालू असणं शक्य नाही, आणि तो माणूस खाटेवर बसून चहा-बिस्कीट खात असतो! अनुभवी टेक्निशियन हा जोडआकडा बघताक्षणी ओळखतो. वॉर्डात फोन करतो, "सिस्टर, सॅम्पल रिपीट पाठवा." मला या फोनचं फार मोल वाटतं. तो कुठल्याच रिपोर्टवर छापला जात नाही, पण त्यानं किती औषधं चढायची थांबली असतील याचा हिशेबच नाही.

मशीनवर आपण फार संशय घेतो. म्हणून मशीन काय करतं ते एकदा मोजून बघू. छातीत दुखतं म्हणून आलेल्या माणसाची ट्रोपोनिन चाचणी करतात; हृदयाच्या स्नायूला इजा झाली की हे प्रथिन रक्तात वाढतं. तिच्या एका अतिसंवेदनशील प्रकारात धोक्याची रेषा आहे लिटरला १४ नॅनोग्रॅम. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग. डोळ्यांपुढे येत नाही ना? विहीर घ्या. वीस फूट व्यासाची, तेहतीस फूट पाणी असलेली, भरलेली गावविहीर. तिच्यात जवळजवळ २ लाख ९० हजार लिटर पाणी. आता एक ग्रॅम मीठ घ्या, दोनतीन चिमटी. ते एका विहिरीत टाकायचं नाही. अडीचशे विहिरींत वाटायचं! एका तालुक्यातल्या अडीचशे विहिरी, आणि त्या सगळ्यांत मिळून दोनतीन चिमटी मीठ. आता कुठल्याही विहिरीतलं थेंबभर पाणी मशीनला लावा. मशीन सांगतं, "यात मीठ आहे, आणि इतकं इतकं आहे."

अशा मशीनलाही चकवता येतं, आणि तेही केस गळतात म्हणून घेतलेल्या गोळीनं. बायोटिन हे जीवनसत्त्व माणसाला दिवसाला ३० मायक्रोग्रॅम पुरतं. बाजारातल्या पुष्कळ गोळ्यांत १० मिलिग्रॅम असतं. भागाकार करा: ३३३ पट. एका सकाळी, एका घोटात, अकरा महिन्यांचं बायोटिन पोटात! पुष्कळ हार्मोन आणि ट्रोपोनिन चाचण्यांची किट्स बायोटिनच्याच चिकटपणावर चालतात. रक्तातच त्याचा पूर आला की काही किट्समध्ये ट्रोपोनिन खोटं कमी दिसतं आणि थायरॉइडचे आकडे उलटेपालटे होतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं नोव्हेंबर २०१७ मध्ये यावर जाहीर इशारा दिला. खोट्या कमी ट्रोपोनिनशी जोडलेल्या एका मृत्यूची नोंद त्यात होती. मशीननं आपलं काम चोख केलं होतं. रक्तच दिशाभूल करत होतं.

तर चुका नेमक्या होतात कुठे? याचं सगळ्यात गाजलेलं उत्तर इटलीतल्या पादुआ शहरानं दिलं. तिथल्या विद्यापीठ रुग्णालयात मारिओ प्लेबानी आणि पाओलो कारारो यांनी तातडीच्या लॅबवर तीन महिने डोळ्यांत तेल घालून नजर ठेवली. वॉर्डातल्या डॉक्टरांना सांगितलं, रिपोर्ट जरा जरी खटकला तरी लिहून ठेवा. १९९७ साली निष्कर्ष छापून आले. ४०,४९० चाचण्या, १८९ चुका. त्या १८९ ची फोड ऐका. १२९ चुका रक्त मशीनपर्यंत पोचायच्या आधीच झालेल्या. ३५ रिपोर्ट बाहेर पडताना. आणि प्रत्यक्ष तपासणीच्या टप्प्यावर? फक्त २५. जवळजवळ सोळाशे चाचण्यांमागे एक! बहुतेक चुकांनी रुग्णाला काही झालं नाही. पण ३७ जणांच्या नको त्या पुढच्या तपासण्या झाल्या आणि १२ जणांच्या उपचारांत नको तो बदल झाला.

दहा वर्षांनी त्याच लॅबमध्ये हाच हिशेब पुन्हा मांडला. ५१,७४६ चाचण्या, १६० चुका. दहा लाखांमागे ४६६७ चुका होत होत्या, त्या ३०९२ वर आल्या. एक तृतीयांश कमी! आणि फोड? पुन्हा ६२ टक्के चुका मशीनच्या आधी.

३०९२ म्हणजे किती, ते टक्क्यांत बघू. ९९.६९ टक्के बरोबर. दहावीला एवढे मार्क पडले तर पेपरात फोटो येतो. आणि हे किती अवघड आहे तेही मोजू. डॉक्टर चाचणी लिहितो तिथपासून रिपोर्ट परत त्याच्या हातात येईपर्यंत वीस टप्पे धरा: फॉर्म, नाव, शीर, बल्ब, लेबल, ट्रे, जिना, नोंद, सेंट्रिफ्यूज, मशीन, आकडा, सही, छपाई वगैरे. प्रत्येक टप्प्यावरचा माणूस हजारात फक्त एकदा चुकतो असं समजू. अशा माणसाला आपण हिरा म्हणू. वीस हिरे ओळीनं बसवले तर शेवटी काय उरतं? ९८ टक्के. हजारातले २० रिपोर्ट चुकणार! पादुआत चुकले हजारामागे तीन. म्हणजे तिथला प्रत्येक टप्पा साडेसहा हजार वेळांत एकदाच चुकत होता. मी त्यांना मनापासून नमस्कार करतो.

आणि आता हेच उत्तम मार्क गर्दीत नेऊन ठेवू. करोनाआधी मुंबईच्या लोकलनं रोज ७५ लाखांच्या घरात प्रवासी जात. त्यांतले ९९.६९ टक्के योग्य स्टेशनात उतरले तर किती चुकले? रोज २३ हजार. पाच खचाखच भरलेल्या लोकल, रोज, भलत्याच फलाटावर! रुपयांत बघायचं तर एक कोटी मोजताना ३१ हजार कमी भरले.

अजून मोठं करू. अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सांगते की त्या एका देशात वर्षाला १४०० कोटी वैद्यकीय चाचण्या होतात. १४०० कोटी! भारतातल्या प्रत्येक माणसाच्या, तान्ह्या बाळासकट, हातावर जवळजवळ दहा-दहा रिपोर्ट ठेवता येतील. सेकंदाला ४४० चाचण्या. एक चाचणी एका कागदावर छापली आणि कागद एकावर एक रचले, दहा कागदांचा एक मिलिमीटर धरला, तर गठ्ठा १४०० किलोमीटरचा. तो रुळांवर आडवा करा. मुंबई सेंट्रलला एक टोक ठेवा. राजधानीच्या वाटेनं बोरिवली, सुरत, बडोदा, रतलाम, कोटा, मथुरा. १३८४ किलोमीटरवर नवी दिल्ली येते आणि गठ्ठा तिच्याही पुढे सोळा किलोमीटर! या गठ्ठ्याला पादुआचा सुधारलेला दर लावून बघू. हिशेबापुरताच, कारण प्रत्येक लॅबचा दर वेगळा. पण आकार तरी कळेल. चुकलेले कागद होतात ४ कोटी ३० लाख. ते वेगळे काढून मुंबई सेंट्रलपासून मांडले तर गठ्ठा महालक्ष्मी, लोअर परळ ओलांडून प्रभादेवीच्या आसपास जातो. दिल्लीच्या प्रवासात हे अंतर काहीच नाही. खिडकीची जागा मिळवून बॅग ठेवेपर्यंत संपतं. पण वेळेत मोजलं तर सेकंदाला एकाहून जास्त चूक. डेक्कन क्वीन मुंबईहून सुटून पुण्याला लागेपर्यंत १६ हजार!

डेक्कन क्वीनवरून आठवलं, तिच्यात एक सॅम्पल बसवून देऊ. रक्त बल्बात आलं तरी पेशी जिवंत असतात आणि साखर खात राहतात. साध्या बल्बात, पेशी वेगळ्या न करता रक्त तसंच ठेवलं तर तासाला पाच ते सात टक्के साखर गायब होते. आपण सहा धरू. उपाशीपोटीची साखर १२६ किंवा जास्त असली की डायबेटीसचं निदान होतं, शंभराच्या खाली असली की नॉर्मल. १२६ साखरेचं सॅम्पल सीएसएमटीला गाडीत चढलं. सव्वातीन तासांत पुणं. उतरताना साखर १०३! स्टेशनाबाहेर रिक्षा मिळेपर्यंत आणि लॅब गाठेपर्यंत आणखी एक तास गेला. साखर ९७. डायबेटीस मुंबईला होता, पुण्यात पोचेपर्यंत गेला! ज्या माणसाचं हे रक्त, तो मात्र डायबेटीस घेऊन घरी बसलाय आणि जिलेबी मागवतोय. म्हणून तर साखरेसाठी करड्या झाकणाचा फ्लोराइड बल्ब असतो आणि म्हणून सॅम्पल वेळेत पोचवणाऱ्या मुलाचं काम मशीन चालवणाऱ्याच्या तोडीचं असतं. तालुक्याच्या कलेक्शन सेंटरपासून जिल्ह्याच्या लॅबपर्यंत एसटीनं किंवा मोटारसायकलनं जाणाऱ्या थर्मासच्या पेट्या मी बघतो, तेव्हा माझं लक्ष आधी घड्याळाकडे जातं.

मशीनच्या टप्प्यावर चुका इतक्या कमी कशा झाल्या, हीसुद्धा मोठी गोष्ट आहे. १९४७ मध्ये बेल्क आणि संडरमन या दोघांची पाहणी छापून आली. त्यांनी पेनसिल्व्हेनियातल्या ५९ लॅबना तपासायला एकसारखेच नमुने पाठवले होते. उत्तरांत इतकी तफावत आली की सगळे हादरले. १९५० मध्ये लेव्ही आणि जेनिंग्ज यांनी कारखान्यातला नियंत्रणाचा आलेख लॅबमध्ये आणला. १९८१ मध्ये जेम्स वेस्टगार्डनं त्या आलेखाचे नियम बांधून दिले. आज वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधून देशभरच्या लॅबना असेच गुपित नमुने जातात आणि प्रत्येकाचं उत्तर इतरांशी ताडून बघितलं जातं. रोज सकाळी रुग्णांचं रक्त लावायच्या आधी मशीनला ठाऊक आकड्याचं रक्तद्रव लावतात. तीस चाचण्या, दोन पातळ्या, म्हणजे आलेखावर साठ ठिपके. दोन प्रमाण विचलनांची, म्हणजे आकड्याच्या नेहमीच्या चढउताराच्या दुपटीची, रेषा धरली तर मशीन ठणठणीत असूनही साठातले सरासरी पावणेतीन ठिपके रेषेबाहेर पडणारच! तीनची रेषा धरली तर सहा दिवसांतून एखादा. कुठल्या ठिपक्यावर थांबायचं आणि कुठल्यावर पुढे जायचं, हे ठरवायलाच वेस्टगार्डचे नियम.

हीच गंमत निरोगी माणसाच्या रिपोर्टात. नॉर्मलची पट्टी अशी आखतात की शंभर निरोगी माणसांतले ९५ तिच्यात बसावेत. उरलेले पाच निरोगीच, पण पट्टीबाहेर. एका चाचणीला हे ठीक. पण एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या एकदम केल्या तर ठणठणीत माणसाच्या रिपोर्टावर निदान एक ठळक आकडा येण्याची शक्यता ६४ टक्के! वानखेडे स्टेडियम ३३ हजार निरोगी माणसांनी भरा. त्यांतले २१ हजार कागद हातात धरून घाबरलेले. चाळीस चाचण्यांना ८७ टक्के. सत्तर चाचण्यांचं पॅकेज घ्या, ९७ टक्के. सत्तर चाचण्यांत एकही ठळक खूण न येणारा निरोगी माणूस हीच दुर्मीळ गोष्ट. असा एखादा आकडा दिसला की धावपळ करण्याआधी डॉक्टरांना विचारावं, हे मी ज्याला त्याला सांगत असतो.

कारखान्यांच्या जगात सिक्स सिग्मा नावाचा मापदंड आहे. मोटोरोला कंपनीनं १९८६ मध्ये तो आणला. दहा लाखांत ३.४ चुका. पादुआचा सुधारलेला आकडा आठवा: ३०९२. सिग्माच्या मापात चारच्या थोडं वर. लोकलच्या ७५ लाखांत सिक्स सिग्मानं चुकणारे फक्त पंचवीस-सव्वीस जण. २३ हजार कुठे आणि पंचवीस कुठे!

आणि सगळ्यात मोठा धोका सुईच्याही आधीचा आहे. वॉर्डात शिरू. खाट नंबर १४ वर पाटील, १५ वरही पाटील. सिस्टरच्या ट्रेमध्ये सहा बल्ब, वेळ वाचावा म्हणून नावं आधीच लिहिलेली. "पाटील ना?" "हो." दोघांनीही "हो"च म्हटलं असतं. सुई गेली, रक्त आलं, बल्ब चुकला. रक्त एकाचं, नाव दुसऱ्याचं. यापुढचं प्रत्येक पाऊल बिनचूक पडलं तरी उपयोग नाही. अडीचशे विहिरींतलं मीठ शोधणारं मशीन भलत्याच विहिरीचं पाणी तपासतंय. आणि ते रक्त रक्तगटासाठी निघालं असेल तर भलतीच पिशवी चढते.

हे किती वेळा होतं? २००३ साली दहा देशांतल्या साठाहून अधिक रुग्णालयांचा अभ्यास छापून आला. रक्तगटासाठी आलेले सुमारे ६ लाख ९० हजार नमुने. लेबलात काही ना काही गफलत असलेला नमुना १६५ मागे एक. स्लीपरच्या सव्वादोन डब्यांमागे एक माणूस! आणि बल्बात चक्क दुसऱ्याचंच रक्त असलेला नमुना १९८६ मागे एक. गर्दीच्या वेळच्या एका लोकलमध्ये चार-साडेचार हजार माणसं असतात. तीत असे दोन.

उलट बाजूनं वेळ मोजू. "तुमचं पूर्ण नाव सांगा, जन्मतारीख सांगा." हा प्रश्न, त्याचं उत्तर आणि मनगटावरच्या पट्टीवर एक नजर. पाच सेकंद धरू. मग रक्त काढायचं आणि लेबल तिथेच, खाटेजवळ लावायचं. ६ लाख ९० हजार नमुन्यांना हा प्रश्न एकाच माणसानं विचारला तर सगळे मिळून किती वेळ? चाळीस दिवस. त्या दराने भलत्या नावावर गेलेले नमुने ३४७. चाळीस दिवस विरुद्ध ३४७ माणसं!

आता हे मुंबईएवढं करू. लोकलच्या त्या ७५ लाखांना, एकेकाला, पाच सेकंद. सगळी उत्तरं ऐकायला एका माणसाला ४३४ दिवस लागतील, जेमतेम सव्वा वर्ष. आणि त्या रुग्णालयांसारखंच रक्त काढत गेलो, तर १९८६ मागे एक या दराने दुसऱ्याच्या नावाच्या बल्बात रक्त गेलेली माणसं होतील ३७७६. दारापर्यंत भरलेली लोकल!